अपराधकृत्य (फौजदारी कायदा)

अपराधकृत्य (लॅटिन : ॲक्टस रेअस) म्हणजे गुन्ह्याचा बाह्य, प्रत्यक्ष घडलेला भाग होय. आरोपीने काय केले, किंवा कायद्याने करणे भाग असताना काय केले नाही, कोणत्या परिस्थितीत केले आणि त्यातून काय घडले, या सर्व गोष्टी अपराधकृत्यात येतात. गुन्ह्याचा दुसरा भाग म्हणजे दोषी मन (मेन्स रिआ), अर्थात उद्देश, जाणीव किंवा निष्काळजीपणा. बहुतेक गुन्ह्यांत हे दोन्ही भाग सिद्ध व्हावे लागतात. केवळ मनातील विचार, इच्छा किंवा द्वेष यांना फौजदारी कायद्यात शिक्षा नाही. तसेच एखादी व्यक्ती कोण आहे, कोणत्या जातीत किंवा जमातीत जन्मली, यावरून ती गुन्हेगार ठरू नये, हेही या तत्त्वातून निष्पन्न होते. या तत्त्वाचा भारतात काही वेळा भंगही झाला आहे. त्या इतिहासाचा काही भाग आजच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याशी जोडलेला आहे.

संज्ञा आणि कायदेशीर आधार

'ॲक्टस नॉन फॅसिट रेउम निसी मेन्स सिट रिआ' या लॅटिन वचनाचा अर्थ, मन दोषी असल्याशिवाय केवळ कृत्याने माणूस दोषी ठरत नाही, असा आहे. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात रूढ झालेले हे वचन भारतीय दंड संहितेत कोठेही शब्दशः आलेले नाही. संहितेने प्रत्येक गुन्ह्याच्या व्याख्येतच आवश्यक कृत्य आणि आवश्यक मानसिक अवस्था सांगण्याची पद्धत स्वीकारली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच पद्धत कायम आहे. त्यामुळे भारतात अपराधकृत्याचा शोध घेताना प्रथम संबंधित कलमाची शब्दयोजना पाहावी लागते.

न्याय संहितेच्या कलम २ नुसार 'कृती' या शब्दात एका कृतीप्रमाणेच कृतींच्या मालिकेचाही समावेश होतो. 'अकृती' या शब्दालाही हाच नियम लागू आहे. कलम ३(४) नुसार, विरुद्ध आशय दिसत नसेल तर, कृतींचा निर्देश करणाऱ्या शब्दांत बेकायदेशीर अकृतीही मोडते. दंड संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम ३३ व ३२ मध्ये होत्या.

काही गुन्ह्यांत दोषी मनाची अट शिथिल असते, परंतु कृत्याची अट तेथेही टिकून राहते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज (१९६५) या खटल्यातील आरोपी नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाकडे जात असताना मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह पकडला गेला. नवीन निर्बंधाची आपल्याला माहिती नव्हती, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फेटाळला. तरीही त्याने सोने भारताच्या हद्दीत 'आणले' हे कृत्य सिद्ध होणे आवश्यकच होते, आणि ते सिद्ध झाले होते.

कृत्याचे घटक

अभ्यासाच्या सोयीसाठी अपराधकृत्याचे तीन घटक मानले जातात : वर्तन, परिस्थिती आणि परिणाम. प्रत्येक गुन्ह्यात तिन्ही घटक सारख्या प्रमाणात असतातच असे नाही.

चोरीच्या गुन्ह्यात (न्याय संहिता, कलम ३०३) वस्तू हलवणे हे वर्तन होय. ती वस्तू जंगम असणे, दुसऱ्याच्या ताब्यात असणे आणि त्याची संमती नसणे ही परिस्थिती होय. वस्तू घरी नेलीच पाहिजे, असा परिणाम कायद्याला अपेक्षित नाही. दुसऱ्याच्या शेतातील झाड अप्रामाणिकपणे नेण्याच्या हेतूने तोडले, की ते जमिनीपासून वेगळे होताच चोरी पूर्ण होते. खून किंवा सदोष मनुष्यवध यांत मात्र मृत्यू हा परिणाम अनिवार्य आहे. जखमी व्यक्ती वाचली, तर गुन्ह्याचे नावच बदलते. पहिल्या प्रकारच्या गुन्ह्यांना वर्तनाधारित आणि दुसऱ्या प्रकारच्या गुन्ह्यांना परिणामाधारित गुन्हे म्हणतात.

ऐच्छिकता

शरीराची प्रत्येक हालचाल कायद्याच्या अर्थाने कृत्य ठरत नाही. ती हालचाल व्यक्तीच्या इच्छेच्या नियंत्रणाखाली असावी लागते. दुसऱ्याने हात धरून बळजबरीने मारावयास लावलेला फटका, अपस्माराच्या झटक्यात झालेली हालचाल किंवा झोपेत चालताना घडलेली गोष्ट हे त्या व्यक्तीचे कृत्य मानले जात नाही.

मात्र ऐच्छिकतेचा विचार केवळ अपघाताच्या क्षणापुरता केला जात नाही. गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालविणाऱ्या व्यक्तीस प्रथमच अचानक झटका आला आणि वाहन रस्त्यावरील माणसावर गेले, तर वाहन वळण्याची क्रिया अनैच्छिक ठरू शकते. आपल्याला वारंवार झटके येतात हे ठाऊक असूनही तो वाहन चालवायला बसला असेल, तर वाहन चालविण्यास घेणे हेच त्याचे ऐच्छिक व निष्काळजी कृत्य ठरते.

भारतीय कायद्यात या विषयासाठी स्वतंत्र कलम नाही. अपघाताचा अपवाद (कलम १८), मनोविकलतेचा अपवाद (कलम २२) आणि इच्छेविरुद्ध किंवा नकळत दिलेल्या नशेचा अपवाद (कलम २३) यांच्या आधारे अशा प्रश्नांचा निर्णय होतो. स्वखुशीने केलेल्या नशेला असे पूर्ण संरक्षण मिळत नाही.

अकृती

काही न करणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. कायद्याने घातलेले कर्तव्य न केल्यासच अकृती बेकायदेशीर ठरते. नैतिक कर्तव्य आणि कायदेशीर कर्तव्य यांतील हा भेद थॉमस मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यासोबत जोडलेल्या टिपणांत सविस्तर मांडला होता. नदीला आलेल्या पुराची वाटसरूला सूचना न देणाऱ्या माणसाचे उदाहरण त्यात आहे. वाटसरूंना सावध करण्यासाठीच नेमलेला शिपाई किंवा मोबदला घेऊन वाट दाखविणारा वाटाड्या जाणूनबुजून गप्प राहिला, तर तो मृत्यूस जबाबदार ठरतो. त्याच काठावर उभा असलेला त्रयस्थ गप्प राहिला, तर त्याचे वागणे कितीही निंद्य असले तरी तो खुनी ठरत नाही.

हाच भेद आजही लागू आहे. शिवारातील विहिरीत पडलेल्या अनोळखी व्यक्तीस बाहेर न काढणारा वाटसरू फौजदारी कायद्याने मृत्यूस जबाबदार नाही. आपल्याच लहान मुलाला बुडताना पाहत उभा राहणारा बाप जबाबदार आहे. कर्तव्य नात्यातून, करारातून, पदातून, एखाद्याची जबाबदारी स्वीकारल्याने, किंवा स्वतःच निर्माण केलेल्या धोक्यातून उत्पन्न होऊ शकते.

कृती आणि अकृती यांचे मिश्रणही गुन्ह्यास पुरेसे असते. न्याय संहितेच्या कलम ३(७) खालील उदाहरणात एक व्यक्ती दुसऱ्याला काही अंशी अन्न न देऊन आणि काही अंशी मारहाण करून ठार करते. तो खूनच ठरतो. ओम प्रकाश विरुद्ध पंजाब राज्य (१९६१) या खटल्यात पत्नीला कोंडून ठेवून पद्धतशीरपणे उपाशी ठेवणाऱ्या पतीस खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरविण्यात आले. उपासमार हळूहळू होत असली तरी तिच्यामागील कृत्यांची मालिका एकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

अलीकडच्या काही कायद्यांनी त्रयस्थांवरही कर्तव्य टाकले आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात, माहिती न कळविल्याचा आरोप असलेल्या वैद्यकीय व्यावसायिकाविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला. ठरावीक गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणारा लोकसेवकही न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार शिक्षेस पात्र आहे.

कृती आणि अकृती यांच्यातील सीमारेषेचा सर्वांत कठीण प्रश्न अरुणा शानबाग प्रकरणात उपस्थित झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्या पुढील चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात जवळजवळ अचेतन अवस्थेत राहिल्या. त्यांना अन्न भरविणे थांबवावे, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. प्राणघातक औषध टोचणे ही कृती असून ती गुन्हाच आहे. मात्र जीवरक्षक उपचार थांबविणे ही अकृती असून उच्च न्यायालयाच्या मंजुरीने तिला परवानगी देता येईल, असा भेद न्यायालयाने केला. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची त्यांची शुश्रूषा पुढे चालू ठेवण्याची इच्छा असल्याने ती विशिष्ट मागणी मात्र नाकारण्यात आली. अरुणा शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी निधन झाले. २०१८ मध्ये कॉमन कॉज खटल्यात घटनापीठाने सन्मानाने मृत्यूचा अधिकार मान्य करून यासंबंधीची कार्यपद्धती घालून दिली आणि २०२३ मध्ये ती सुलभ केली.

ताबा

शस्त्रे, अमली पदार्थ, स्फोटके इत्यादींबाबत वस्तू केवळ जवळ असणे हाच गुन्हा असतो. येथे वरवर पाहता कोणतीही हालचाल नसते. म्हणून वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण, या दोन गोष्टी न्यायालये ताब्याच्या अर्थातच समाविष्ट करतात. आपल्या पिशवीत दुसऱ्याने नकळत टाकलेल्या वस्तूचा ताबा आपल्याकडे आहे असे म्हणता येत नाही.

संजय दत्त विरुद्ध राज्य (१९९४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने टाडा कायद्यातील 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असा अर्थ लावला. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिलेल्या निकालातही मांस बाळगण्यासंबंधीच्या एका कलमाचा अर्थ जाणीवपूर्वक ताबा असाच घेण्यात आला.

परिणाम आणि कार्यकारणसंबंध

परिणामाधारित गुन्ह्यात आरोपीचे कृत्य आणि घडलेला परिणाम यांचा संबंध सिद्ध करावा लागतो. 'आरोपीने हे केले नसते, तर हे घडले असते का?' हा पहिला प्रश्न असतो. परंतु तेवढ्याने भागत नाही, कारण कोणत्याही घटनेला असंख्य दूरची कारणे असतात.

एम्परर विरुद्ध ओंकार रामप्रताप (१९०२) या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यूसाठी कसोटी घालून दिली. मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असावा आणि ते कृत्य मृत्यूचे निकटचे व परिणामकारक कारण असावे. मध्ये दुसऱ्या कोणाचा निष्काळजीपणा आलेला नसावा. भारतातील पुढील अनेक निकाल या कसोटीवर आधारलेले आहेत.

कुर्बान हुसेन मोहमदअली रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६५) हा खटला मुंबईतील एका रंग व व्हार्निश कारखान्याला एप्रिल १९६२ मध्ये लागलेल्या आगीसंबंधी होता. त्या आगीत सात कामगारांचा मृत्यू झाला. ज्वालाग्राही पदार्थांच्या जवळ उघड्या ज्वालेवर काम करू देण्यात मालकाचा निष्काळजीपणा होता, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु आगीचे निकटचे कारण म्हणजे एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन मिसळणे हे होते. त्यामुळे मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपातून मालकाची सुटका झाली आणि आगीबाबत हयगय केल्याबद्दलची दोषसिद्धी तेवढी कायम राहिली. धोकादायक परिस्थिती निर्माण करणारा मालक आणि शेवटची चूक करणारा कामगार यांच्यात जबाबदारी कशी वाटावी, हा प्रश्न या निकालामुळे औद्योगिक अपघातांच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतो.

सुलेमान रहिमान मुलाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६८) या खटल्यात आरोपीकडे केवळ शिकाऊ परवाना होता आणि त्याच्या जीपने एक माणूस मरण पावला. परवान्याची त्रुटी हा स्वतंत्र गुन्हा असला, तरी अपघात बेदरकारपणे वाहन चालविल्यामुळेच झाला याचा पुरावा नव्हता. म्हणून मृत्यूसंबंधीची दोषसिद्धी टिकली नाही.

कृत्य आणि मन यांचा मेळ

अपराधकृत्य आणि दोषी मन हे दोन्ही असून भागत नाही, ते एकाच वेळी असावे लागतात. क्वीन एम्प्रेस विरुद्ध खंडू (१८९०) हा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल या विषयावरील जुन्या व वादग्रस्त निकालांपैकी एक आहे. आरोपीने आपल्या सासऱ्याला ठार मारण्याच्या उद्देशाने त्याच्या डोक्यात प्रहार केले. तो मेला असे समजून, पुरावा नष्ट करण्यासाठी त्याने झोपडीला आग लावली. वैद्यकीय पुराव्यानुसार मृत्यू प्रहारांनी झालेला नसून जळाल्याने झाला होता. प्रहार करताना उद्देश होता, पण त्याने मृत्यू झाला नाही. आग लावताना मृत्यू घडला, पण आरोपीच्या समजुतीप्रमाणे तो प्रेत जाळत होता. या कारणाने बहुमताने आरोपीस खुनाऐवजी खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी धरण्यात आले. एका न्यायाधीशाने मात्र हा खूनच आहे, असे मत नोंदविले.

अशाच स्वरूपाच्या थाबो मेली खटल्यात (१९५४) लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दोन्ही कृत्ये एकाच योजनेचा भाग मानून खुनाची दोषसिद्धी कायम ठेवली. खंडू निकालातील अल्पमताशी हा दृष्टिकोन जुळणारा आहे.

पूर्वतयारी आणि प्रयत्न

गुन्ह्याच्या वाटचालीत विचार, पूर्वतयारी, प्रयत्न आणि पूर्तता असे चार टप्पे मानले जातात. विचारास शिक्षा नाही. पूर्वतयारीसही सामान्यतः शिक्षा नाही, कारण त्या टप्प्यावर माणूस मागे फिरू शकतो. दरोड्याची पूर्वतयारी (न्याय संहिता, कलम ३१०(४)) आणि शासनाविरुद्ध युद्धासाठी शस्त्रे जमविणे (कलम १४९) हे त्याचे ठळक अपवाद आहेत. प्रयत्नासाठी गुन्ह्याच्या दिशेने एखादे प्रत्यक्ष कृत्य घडावे लागते (कलम ६२).

पूर्वतयारी कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो, हे ठरविणारे अनेक निकाल महाराष्ट्रातील आहेत. रेग विरुद्ध कॅसिडी (१८६७) या खटल्यात आरोपीने रोखलेल्या बंदुकीला टोपी बसविलेलीच नव्हती. आरोपीला ते ठाऊक नव्हते. या बंदुकीतून मृत्यू घडणेच शक्य नव्हते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाचे विशेष कलम (३०७) लागू होत नाही, असे म्हटले.

२२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई प्रांताचे प्रभारी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर जवळून गोळी झाडली. गोळी खिशातील पाकिटावर अडल्याने हॉटसन वाचले. प्रत्यक्षात इजा होऊ शकली नाही, म्हणून कलम ३०७ लागू नाही, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने १९३२ मध्ये अमान्य केला. ठार मारण्याच्या उद्देशाने गोळी झाडणे हे कृत्य पूर्ण झाले होते आणि मध्ये आलेल्या अडथळ्यामुळे त्याचे स्वरूप बदलत नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बळराम बामा पाटील (१९८३) या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, उद्देश आणि त्याच्या पूर्ततेसाठी केलेले प्रत्यक्ष कृत्य असल्यास जखम प्राणघातक असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब (१९८०) हा खटला सप्टेंबर १९६८ मध्ये वसईच्या खाडीकाठी पकडलेल्या चांदीविषयी होता. वाहनांतून आणलेली चांदी खाडीजवळ उतरविली जात असताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी छापा घातला. त्याच वेळी यांत्रिक बोटीचा आवाज ऐकू आला. चांदी अजून जमिनीवरच होती, म्हणून ही केवळ पूर्वतयारी आहे, असे खालच्या दोन न्यायालयांनी मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा निर्यातीचा प्रयत्न ठरविला. कृत्यातून उद्देश स्पष्ट होत असेल आणि ते कृत्य गुन्ह्याच्या पुरेसे निकट असेल, तर शेवटची पायरी चढलेली असण्याची आवश्यकता नाही.

अनेकांचे कृत्य

समान उद्देशाने अनेकांनी केलेले कृत्य प्रत्येकाने स्वतः केल्याप्रमाणे मानले जाते (न्याय संहिता, कलम ३(५), पूर्वीचे कलम ३४). यातही प्रत्येक आरोपीचा काही सहभाग दाखवावा लागतो. पुण्याजवळील देहू रोड येथील लष्करी भांडारातील मालाच्या अपहाराशी संबंधित श्रीकंठय्या रामय्या मुनिपल्ली खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या ठिकाणी आरोपीच्या उपस्थितीवर भर दिला. शारीरिक बळाचा वापर नसलेल्या गुन्ह्यांत अशी उपस्थिती अपरिहार्य नाही, असे १९६० च्या जयकृष्णदास मनोहरदास देसाई खटल्यात स्पष्ट करण्यात आले.

फौजदारीपात्र कटात (कलम ६१) गुन्हा करण्याविषयीची सहमती हेच कृत्य मानले जाते. एकट्याच्या मनातील बेत हा कट नव्हे. दुसऱ्याशी झालेल्या बोलण्यातून तो मनाबाहेर पडतो, हा त्यामागील विचार आहे.

कृत्याविना गुन्हा : धाराशिव आणि परिसराचा इतिहास

१८५३ च्या तहानुसार हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव (नळदुर्ग) हे प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थापनाखाली दिले. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार १८५३ ते १८५७ या काळात फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे होता. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचे ते लेखक होत. १८६० मध्ये हा जिल्हा निजामाला परत करण्यात आला.

टेलर यांच्या कादंबरीचा विषय असलेल्या ठगांविरुद्ध कंपनी सरकारने १८३६ मध्ये केलेला कायदा अपराधकृत्याच्या तत्त्वाच्या दृष्टीने असाधारण होता. एखादी व्यक्ती ठगांच्या टोळीची सदस्य होती एवढे सिद्ध झाले, की तिला सक्तमजुरीसह आजन्म कारावास देता येत असे. कोणाचा खून केला, कोठे केला आणि केव्हा केला, हे सिद्ध करण्याची आवश्यकता नव्हती. सदस्यत्व कायदा होण्यापूर्वीचे असले किंवा कंपनीच्या हद्दीबाहेरचे असले, तरी तो लागू होत असे. प्रत्यक्ष कृत्याचा पुरावा मिळणे कठीण होते, हे त्यामागील कारण सांगितले जाई. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर अवलंबून होता. ठग ही एक वंशपरंपरागत, धार्मिक स्वरूपाची संघटना होती, या तत्कालीन अधिकाऱ्यांच्या चित्रणावर पुढील काळातील काही इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत.

१८६० च्या दंड संहितेतही 'ठग' असणे हा गुन्हा कलम ३१० व ३११ मध्ये समाविष्ट झाला. जबरी चोरी किंवा मुले पळविण्यासाठी, खुनासह, इतरांशी सवयीने संबंध ठेवणारी व्यक्ती ठग मानली जाई आणि तिला आजन्म कारावासाची शिक्षा होती. ही कलमे न्याय संहितेत वगळण्यात आली आहेत. मात्र दरोडेखोरांच्या टोळीचे सदस्य असणे (कलम ३१०(६)) आणि सवयीने चोरी करणाऱ्या टोळीचे सदस्य असणे (कलम ३१३) हे गुन्हे कायम आहेत. आजचा धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे संस्थानाचा स्वतंत्र दंडविषयक कायदा लागू होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण झाले आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता या भागात लागू झाली.

व्यक्तीऐवजी संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरविणारा कायदा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तो १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश भारतासाठी विस्तारण्यात आला. या कायद्याने अधिसूचित जमातींच्या लोकांची नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय प्रवासास बंदी आणि तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती अशी बंधने लादली. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर येथे अशी मोठी वसाहत होती आणि 'सेटलमेंट' हा शब्द तेथील बोलण्यात रुळला. या कायद्यात जन्म हीच संशयाची पुरेशी खूण मानली गेली. नोंदणीकृत व्यक्ती संशयास्पद स्थितीत आढळली, एवढ्यावरूनही तिला शिक्षा होऊ शकत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा रद्द झाला तरी समाजाच्या आणि यंत्रणेच्या मनातील शिक्का लगेच पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनात चोरीचा शिक्का बसलेल्या समाजातील बालपणाचे चित्रण आहे. या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखकाचे लातूर तालुक्यातील धनेगाव हे गाव, १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा होईपर्यंत, उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. धाराशिव जिल्ह्यात आजही पारधी, वडार, कैकाडी इत्यादी समाजांची वस्ती आहे. चोरी झाल्यावर प्रथम कोणाच्या पालावर जायचे, हे पुराव्यावरून न ठरता आडनावावरून किंवा वस्तीवरून ठरत असेल, तर अपराधकृत्याचे तत्त्व न्यायालयात पोहोचण्यापूर्वीच पराभूत होते. १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा जन्माऐवजी आधीच्या दोषसिद्धींवर आधारलेला आहे. तरी विमुक्त समाजांवरील त्याच्या परिणामांविषयी कार्यकर्ते व अभ्यासक टीका करीत आले आहेत.

सदस्यत्व आणि आजचा कायदा

व्यक्तीच्या स्थितीला शिक्षा देता येते का, हा प्रश्न इतर देशांतही उपस्थित झाला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया (१९६२) या खटल्यात अमली पदार्थांचे व्यसन असणे या केवळ स्थितीस गुन्हा ठरविणारा कायदा घटनाबाह्य ठरविला. पदार्थ बाळगणे किंवा विकणे हे कृत्य असून त्यास शिक्षा देता येते, असेही त्यात म्हटले होते.

भारतात अरूप भुयान विरुद्ध आसाम राज्य (२०११) या निकालात, बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्व गुन्हा ठरण्यासाठी हिंसा करणे किंवा हिंसेस चिथावणी देणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा निर्णय रद्दबातल ठरविला. आता बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याखाली अशा संघटनेचे सदस्य म्हणून चालू राहणे हेच गुन्ह्यास पुरेसे आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ (मकोका) यातही संघटित टोळीच्या सदस्यत्वास स्वतंत्र शिक्षा आहे. या तरतुदींचे समर्थक, जाणीवपूर्वक सदस्य राहणे हेही एक कृत्यच आहे, असे म्हणतात. टीकाकारांच्या मते अशा तरतुदींत कृत्याची जागा संगतीने घेतली जाते.

खटल्यातील महत्त्व

अपराधकृत्य सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो आणि ते वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. दोषारोपात कृत्य, वेळ व स्थळ यांचा तपशील देणे आवश्यक असते. आपण नेमके काय केल्याचा आरोप आहे, हे आरोपीला कळावे आणि त्याचे उत्तर देता यावे, हा त्याचा हेतू होय. 'मी तेथे नव्हतो' हा बचाव अपराधकृत्याशी संबंधित असतो, तर 'माझा तसा उद्देश नव्हता' हा बचाव दोषी मनाशी. कृत्यच सिद्ध झाले नाही, तर उद्देशाचा विचार करण्याची वेळच येत नाही. केवळ वैर किंवा हेतू दाखवून ही उणीव भरून काढता येत नाही.

हे सुद्धा पहा

भारतीय न्याय संहिता
भारतीय दंड संहिता
दोषी मन (मेन्स रिआ)
सदोष मनुष्यवध
गुन्हेगार जमाती कायदा
विमुक्त व भटक्या जमाती
नळदुर्ग
धाराशिव जिल्हा